परत येण्याची कारणे

दारव्हा रोडच्या फाट्यावर माझं दुकान:
झेरॉक्स, सातबारा, पीकविमा, पासपोर्ट फोटो.
गोकुळाबाई चपला बाहेर काढून आत आली,
बाळंतिणीच्या खोलीत येते तशी.
"रोशनीचे दिवस भरत आले, बापू.
कॅनडाचा कागद भरून दे."

आडनाव. नाव. यापूर्वीचं नाव असल्यास.
आहे ना. माहेरी सुभद्रा,
लग्नात तांदळावर लिहिलेलं गोकुळा,
आधारावर गोकूला, बँकेत नुसतीच जी.
चौकट एकच.
जन्मतारीख: मास्तरांनी दिलेली एक जून.
"खरं तं मी तान्ह्या पोळ्याची," ती म्हणाली,
"पोरं बैल घेऊन दारोदार फिरत होती
अन् माय आत कन्हत होती."

व्यवसाय.
इथे मी थांबलो.
गावातली अर्धी टाळकी हिच्या तळहातांतून गेलीत.
माझं हे नाक, जेवढं सरळ आहे तेवढं,
हिनंच रोज चिमटीत धरून ओढलेलं, असं आई सांगते.
रडणं भुकेचं की पोटातल्या वाऱ्याचं,
हिला भिंतीपलीकडून कळतं.
खाली सरकणाऱ्या यादीत
आचारी होता, पायलट होता, पाद्रीसुद्धा होता.
मी 'गृहिणी'वर टिचकी मारली
आणि तिच्याकडे पाहिलं नाही.

भेटीचा उद्देश.
"लेकराले न्हाऊ घालनं, लिही.
तिले शेक देनं, दोन घास गरम.
रातच्याले उठाले कोनी तरी पायजे ना गा,
जावई डबल ड्युटी करते."
मी इंग्रजीत लिहिलं: कुटुंबाची भेट.

मग तो प्रश्न.
मायदेशी परत येण्याची कारणे, पुराव्यासह.
घर नवऱ्याच्या नावावर. वावर दिराच्या.
खात्यात अकरा हजार चारशे.
ती बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिली.
"म्हातारं साखर कोन्त्या डब्यात हाय ते अजून इचारते,
हे चालते काय?
बकरी गाभन हाय.
भोयरांच्या सुनेले सातवा लागला,
तिले शब्द देला हाय मी."
यातल्या कशाचीही पीडीएफ होत नव्हती.

ठसे द्यायला नागपूर.
काचेवर बोटं घसरली.
पुसली, परत घसरली.
चाळीस वर्षांचं तिळाचं तेल,
रुमालानं किती निघणार.

रोशनी मोकळी झाली. मुलगी, तीन किलो शंभर.
इकडं गोकुळाबाई रोज दुपारी यायची,
स्टुलावर बसून पडद्यावरचं ते गोल गोल बघायची.
"फिरते हाय म्हंजे जित्तं हाय," म्हणायची
आणि उठून जायची.
सव्वा महिना झाला. बकरी व्याली.
भोयरांची सून मोकळी झाली, शब्द फिटला;
म्हणजे लिहिलेल्यातलं नाही, पण सांगितलेल्यातलं
एक कारण कमी झालं, असं मला उगाच वाटून गेलं.

शिक्का आला तो पोळ्याच्या आठवड्यात.
विनिपेगात पोरगी तोवर
उशी न लावता बसायला लागली होती.
गोकुळाबाईनं पासपोर्ट उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.
"आता ते टपात बसून सोताच पानी उडवते म्हनते,"
एवढंच बोलली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.
पिशवीतून वेखंड काढलेलं, मुरडशेंग काढलेली, शेपा काढलेल्या.
पिशवीत एक लाकडी बैल, चाकांचा,
पिवळा रंग अजून हाताला लागणारा.
"हे नेऊ देतीन काय, पाह्य बरं."
मी लाकूड, जनावर, खेळणं
असे तीन शब्द टाकून शोधत बसलो.
ती उभीच होती बैलाला धरून,
एक तळहात पोटाखाली,
एक मानेखाली.
"नसन जमत," ती म्हणाली,
"तं शिंगं काढून ठेवू काय?"